याकूब मिस्त्रींचं माप

नंदुरबारच्या बाजारातून सायकलीला दहा फुटी पाइप बांधून याकूब मिस्त्री निघाले की लोक बाजूला होत आणि समजत, आज कुठेतरी बास्केटबॉलची मॅच आहे. पाइपाचं पुढचं टोक हँडलच्याही पुढे आलेलं, मागच्या टोकाला लाल चिंधी, आणि मध्ये एक पाय जरा फाकवून पायडल मारणारे मिस्त्री. प्रत्येक वळणावर ते खाली उतरत, पाइप कोणाला लागणार नाही हे पाहत आणि मगच पुन्हा बसत. आठ मिनिटांच्या रस्त्याला त्यांना अर्धा तास लागे.

चौफुलीजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. दारं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीचे हूक ही रोजची कामं. पण आमच्या भागातल्या बऱ्याच शाळांचे बास्केटबॉलचे खांब आणि रिंगा त्यांच्याच हातच्या होत्या. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असावी लागते. ती तेवढ्याच उंचीवर आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी तरुणपणी एक पाइप बरोबर दहा फुटांवर कापून ठेवला होता. मॅच कोणतीही असो, शिट्टी वाजण्याआधी ते तो पाइप रिंगेखाली उभा करणार म्हणजे करणार. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. “टेप खेचाई जास,” ते म्हणत. “जो धरस त्यान्हा मनप्रमाने मोजाई जास. पाइपले मन नही.” घरात ते हिंदी बोलत, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि संतापले की दोन्ही एकदम.

मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं ते कॉलेजच्या संघात खेळत होतो तेव्हा. अंतिम सामन्याची सकाळ होती. मिस्त्रींनी पाइप उभा केला आणि तो रिंगेखाली शिरेचना. रिंग दोन बोटं खाली वाकली होती. आदल्याच दिवशी त्यांनी तिला लाल ऑक्साइडचा हात मारला होता आणि तो वाळायच्या आत संध्याकाळी कोणीतरी तिला लोंबकळलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी. घरी जाऊन मी रॉकेलने हात चोळले होते, तरी तळव्याच्या रेषांत लाली उरलीच होती.

मिस्त्रींनी दोन्ही संघांना रांगेत उभं केलं. “हात दखाडा. नखे वाढेल शेत का ते देखस.” एकेकाचे हात पाहत ते माझ्यापाशी आले. माझा तळवा त्यांनी अंगठ्याने ताणून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. “नखे ठीक शेत,” ते म्हणाले आणि पुढच्याकडे सरकले. मॅच तासभर उशिरा सुरू झाली. रिंग कोणी वाकवली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या दुकानावरून जात होतो. आतून हाक आली, “ओ लंब्या! लटकाना इतला शौक शे तं पहिले रंग वाळू दे.”

मी शरमलो. विचारलं, “मिस्त्री, तेव्हाच का नाही सांगितलं?”

“मी तुन्हा हातवर रंग देखा,” ते म्हणाले. “तुले लटकताना कोठे देखं?”

त्यावेळी मला ती थट्टा वाटली होती.

पुढे मी इथल्याच एका शाळेत क्रीडाशिक्षक झालो आणि ‘लंब्या’चा ‘मास्तर’ झालो. तीस वर्षांच्या आसपास आमचं बोलणंचालणं राहिलं. त्यांची मुलगी नसरीन माझ्या संघातून खेळली. मिस्त्री संशयी म्हणून गावात प्रसिद्ध होते. नवीन चेंडू आला की ते तो डोक्याएवढ्या उंचीवरून सोडून उसळी पाहत. पंचाचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहत. देवघेवीत, बोलण्यात, माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना सहज फसवता येई. त्यांचा सगळा संशय वस्तूंवर होता. हे मला आता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मीही त्यांना संशयीच म्हणत असे.

मग अलीकडे ती संघाची गोष्ट आली. खेळाडूंना पगार देणारा, तिकीट लावून खेळणारा एक नवा व्यावसायिक बास्केटबॉल संघ खानदेशात द्यायचं मुंबईच्या एका लीगने ठरवलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशी तीन नावं त्यांच्या यादीत होती. आमच्याकडे नुकताच बंदिस्त हॉल झाला होता, म्हणून आम्ही यादीत. गावात समिती झाली. तापीकाठचे मोठे शेतकरी आबासाहेब अध्यक्ष आणि मी सचिव.

आबा माणूस चांगला, पण त्या दिवसांत त्यांना आणि आम्हा सगळ्यांनाच सगळीकडे जळगावचे हेर दिसत. हॉलचे फोटो काढणाऱ्या एका अनोळखी माणसाला आबांनी धरून तासभर खुर्चीवर बसवून ठेवलं. “कोनं धाडं तुले? खरं सांग!” तो बिचारा छपराच्या पत्र्याच्या कंपनीचा निघाला. छत गळतं अशी आमचीच तक्रार होती, ती पाहायला आला होता.

मला तो संघ कशासाठी हवा होता हे सांगितलं पाहिजे. तीस वर्षं मी मुलामुलींना उड्या मारायला शिकवत होतो आणि उडी मारून पोचायचं कुठे, हे मला त्यांना सांगता येत नव्हतं. संघ आला असता तर दाखवायला काहीतरी झालं असतं. माझं आयुष्य फुकट गेलं नाही, असं मलाही वाटलं असतं.

लीगने प्रत्येक शहराला फॉर्म पाठवले होते. नाव, फोन नंबर आणि एक प्रश्न: ‘आपल्या शहरात संघ आल्यास आपण सामने पाहाल का?’ खाली तीन चौकटी. नक्की. कदाचित. नाही. आम्ही काही शिक्षक ते घेऊन दारोदार फिरलो. फॉर्म पाहिला की लोक आधी दार अर्धं लावून घेत. “कसाना फार्म शे सर? घरकुलना का?” “आधार लागी का?” “नाव लिखी घेतस, मंग घरपट्टी तं वाढनार नही ना?” डोंगरातल्या मोलगीच्या बाजारात अहिराणी न येणाऱ्या एका म्हाताऱ्याने जीपवाल्याकरवी मला विचारलं की चेंडू जाळीत टाकून पुन्हा खालीच पडणार असेल तर टाकायचा कशाला. मी त्याला गुण कसे मोजतात ते सांगू लागलो आणि त्याने फॉर्म भरला नाही.

बाकी शहरात, खेड्यांत, विसरवाडीच्या हायवेवरच्या हॉटेलांत, जिथे जिथे आमची अहिराणी चालते तिथे तिथे मला एकच उत्तर मिळालं. “मॅच देखाले येशात ना?” मी विचारी. समोरचा हसून म्हणे, “देखसूत ना सर!”

देखसूत. आता याचा अर्थ काय करायचा? शब्दशः अर्थ ‘पाहू’. प्रश्न ‘सामने पाहाल का’, उत्तर ‘पाहू’. व्याकरणाने त्यात काही चूक नव्हती. मी ‘नक्की’च्या चौकटीत खूण करत गेलो. पहिल्या चार-पाच खुणा करताना हात जरा अडखळला, पुढे सवय झाली. बरोबरच्या शिक्षकांनाही मी तसंच करायला सांगितलं.

मिस्त्रींच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातला भरलेला गठ्ठा चाळला. “बठा नक्की? नंदुरबारना लोके?”

“सगळे देखसूत म्हणाले, मिस्त्री.”

“मास्तर, तू जल्मना आठला, नंदुरबारना. लग्ननी पत्रिका हातमा लिसन आपला मानूस काय म्हनस?”

“देखसूत.”

“आनि तू असा देखसूत म्हनीसन कितला लग्नले गया?”

नसरीन मागे ग्रायंडर पुसत होती, ती खुदकन हसली. मीही हसलो. मिस्त्री हसले नाहीत. “देखसूत म्हंजे हो नही,” ते म्हणाले. “आनि नही बी नही. मानूस दूर उभा ऱ्हाईसन माप लेस, त्याले देखसूत म्हनतस.”

त्यांनी स्वतःचा फॉर्म घेतला, पत्र्यावर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि तिन्ही चौकटी सोडून बाजूच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘देखसूत’.

“मिस्त्री, चौकटीत खूण करायची असते.”

“मन्हं उत्तर तुन्हा चौकटमा बसत नही ना! हॉलनी रिंग मी अजून मोजी नही. मोजाशिवाय नक्की कसं लिखू?”

मी चिडलो. तो फॉर्म फाडून टाकावा असं मनात आलं. फाडला नाही, गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

काही दिवसांनी लीगच्या मॅडम पाहणीला आल्या. आम्ही हॉल धुऊन घेतला होता, रांगोळी काढली होती. हॉलच्या रिंगा बाहेरच्या कारखान्यातून आलेल्या, त्यामुळे मिस्त्रींना आबांनी बोलावलंच नव्हतं. तरी दारात सायकल आली, लाल चिंधी आली, पाइप आला. आबा दातांतल्या दातांत म्हणाले, “याले कोनं बलाई लीधं?” मिस्त्री सरळ आत गेले आणि मॅडमच्या समोर त्यांनी पाइप उभा केला. पाइपाचं टोक रिंगेला टेकलं, ना कमी ना जास्त. “बराबर शे,” मिस्त्री म्हणाले. “दुसरास्नी बनाई, पन बराबर शे.”

मॅडमना गंमत वाटली. निघताना त्या फाटकाजवळ थांबून मिस्त्रींशी बोलत राहिल्या. चांगली दहा मिनिटं. मी आबांसोबत गाडीपाशी उभा होतो. ऐकू काही येत नव्हतं. मिस्त्री हात लांब करून काहीतरी दाखवत होते आणि मॅडम वहीत लिहून घेत होत्या.

महिन्याभरात पत्र आलं. संघ जळगावला गेला होता. आमच्या पत्रात एक जादा ओळ होती: ‘नंदुरबारहून प्राप्त झालेली माहिती विश्वासार्ह आढळली नाही.’

समितीची बैठक बसली. आबा टेबलावर हात आपटून विचारत होते, “घरना मानूसशिवाय हाई व्हस का? कोन बोलनं त्या बाईशी?” खोलीत सगळे एकमेकांकडे पाहत होते. फॉर्म कोणी भरले हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे नजरा वळायच्या आत मी बोललो.

“याकूब मिस्त्री मॅडमशी बोलत होते. फाटकाजवळ. मी पाहिलं.”

मी खोटं बोललो नाही. ही समजूत मी पुढे कितीतरी दिवस जवळ बाळगली. मी आरोप केला नाही, फक्त पाहिलेलं सांगितलं. पण मी हे वाक्य का बोललो हे मला बोलतानाच ठाऊक होतं. खोलीतली हवा एकदम मोकळी झाली. प्रत्येकाला हवं होतं ते मिळालं होतं.

मिस्त्री आत येऊ नयेत म्हणून हॉलचं कुलूप बदललं. स्पर्धांना मिस्त्रींना बोलावणं बंद झालं. चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम मोठ्याने विचारत, “काय मिस्त्री, जळगाववाला कवय बलाई ऱ्हायनात मॅच देखाले?” आधी ते भांडले, मग गप्प झाले. मी शाळेत जायला दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो.

एकदा ते शाळेच्या फाटकाशी आले. पाइप नव्हता. सायकल धरून उभे होते.

“मास्तर, तू आबाले सांगं?”

“मी पाहिलं तेवढंच सांगितलं.”

“काय देखं?”

“तुम्ही मॅडमशी बोलत होता.”

“बोलताना देखं. आयकं काय?”

“ऐकलं नाही.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले. त्या क्षणी मला तळहाताच्या रेषांतला तो लाल रंग आठवायला हवा होता. तो मला घरी पोचल्यावर आठवला.

वर्षभराने शालेय स्पर्धेसाठी नाशिकला गेलो होतो. तिथे त्या मॅडम भेटल्या. त्यांनी मला ओळखलं आणि पहिलाच प्रश्न केला, “ते पाइपवाले काका कसे आहेत?”

मी विचारलं, तुम्हाला त्यांनी त्या दिवशी काय सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, “मी त्यांना विचारलं, लोक खरंच येतील का? ते म्हणाले, पहिल्या दोन मॅचला येणार नाहीत, लांब उभे राहून पाहतील. मग येतील, आणि एकदा आले की जाणार नाहीत. मला ते फार पटलं. नंदुरबारच्या बाजूने माझ्या वहीत तेवढं एकच वाक्य होतं.”

“मग माहिती विश्वासार्ह नाही ती कोणती?”

“अहो, तुमचे फॉर्म! आम्ही त्यावरच्या नंबरांना फोन केले. नक्की येणार ना, म्हणून विचारलं तर जो तो म्हणतोय, देखसूत. ऑफिसात एक जण धुळ्याचा आहे. त्याला अर्थ विचारला तर तो हसायलाच लागला. सगळा गठ्ठा खोटा ठरला. एकच फॉर्म खरा होता, ज्याच्यावर तो शब्दच लिहिला होता.” मग त्या सहज म्हणाल्या, “तुम्ही ‘कदाचित’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, सर. जळगावचे फॉर्मही कदाचितनेच भरलेले होते.”

नाशिकहून परतल्यावर मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते खाटेवर होते. वेल्डिंगच्या धुराने छाती पार गेली होती. नसरीनने मला स्टूल दिलं आणि ती दुकानात गेली. मी सगळं सांगितलं. फॉर्म, खुणा, बैठक, नाशिक. माफी मागितली. ते धापा टाकत ऐकत होते.

“हाई माले काब्र सांगस?” ते म्हणाले. “मी काय बोलनू ते माले माहितच शे. आबाले सांग. टपरीवर सांग.”

“सांगतो, मिस्त्री. सगळ्यांसमोर सांगतो.”

निरोप घेताना त्यांनी माझा हात हातात घेतला. सवयीने तो उलटा केला, तळवा पाहिला आणि सोडला.

“देखसूत,” ते म्हणाले.

मी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात बैठक नव्हती. मग होळी आली, आबा पाहुण्यांना घेऊन काठी गावची होळी पाहायला गेले. मग शाळेच्या परीक्षा लागल्या. कारणं सगळी खरी होती. मिस्त्री गेल्याची बातमी मला वर्गात कळली. दफनाला मी गेलो, मागे उभा राहिलो. टपरीवाले एकमेकांत म्हणत होते की माणूस कसा का असेना, कारागीर पक्का होता. ते ‘कसा का असेना’ माझ्यामुळे होतं.

त्याच आठवड्यात मी स्वतः बैठक बोलावली आणि उभा राहून सगळं सांगितलं. आबा म्हणाले, “सर, हाई तुम्हीन तो जित्ता व्हता तवय सांगाले पाहिजे व्हतं.” तिथून मी टपरीवर गेलो. तिथेही सांगितलं. चहावाल्याने माझ्यासमोर ठेवलेला कप तसाच राहिला.

मग नसरीनकडे गेलो. दुकान तीच चालवते आहे. माझं बोलणं तिने चष्मा कपाळावर सरकवून ऐकलं.

“उशीर झाला, सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर अब्बा रोज विचारायचे, टपरीवर कोई कुछ बोला क्या? पंधरा दिवस विचारलं. मग एक दिवस म्हणाले, आरी ला.”

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाइपाचे दोन तुकडे उभे होते. एकाच्या टोकाला अजून लाल चिंधी होती. मिस्त्रींनी खाटेवर बसून, थांबत थांबत, दुपारभर तो पाइप मधोमध कापला होता. मुलीला हातही लावू दिला नव्हता.

“आता कुणी मोजणार नाही म्हणाले. वेलाला टेकू तरी होईल.”

मी ते तुकडे मागितले. तिने ते टोकाला टोक भिडवून वेल्डिंगने जोडून दिले. सायकलीला बांधून, प्रत्येक वळणावर उतरत, मी तो पाइप हॉलवर नेला आणि रिंगेखाली उभा केला. पाइप रिंगेला टेकला नाही. कापताना आरीच्या पात्याने खाल्लं होतं, तेवढी फट वर राहिली.

आता आमच्याकडे कोणतीही मॅच असली की शिट्टीआधी मी तो पाइप उभा करतो. नवे खेळाडू फट पाहून म्हणतात, सर, रिंग वर गेली आहे. मी त्यांना सांगतो, रिंग बरोबर आहे, माप कमी आहे. आणि ते कोणामुळे कमी झालं, तेही सांगतो.